अमेरिकाच जिंकणार असेल तर महिलांचा बास्केटबॉल वर्ल्ड कप बघायचा कशाला, आणि बघायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शाळेच्या मुलींची टीम नुकतीच तुमच्याकडे आलीय, मुलींना २०२६ चा बर्लिनचा महिला वर्ल्ड कप दाखवायचाय, पण मॅच चालू असताना त्यांना नेमकं काय बघायला सांगायचं ते सुचत नाही, आणि त्यात एक मुलगी म्हणाली की सर, दर वेळी अमेरिकाच जिंकते, मग बघायचं कशाला. मी २२ वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवतेय आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमधून मला आलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी त्या मुलीला सांगा की तू म्हणतेस ते खरं आहे. पहिला वर्ल्ड कप १९५३ ला चिलीत झाला, तेव्हापासून २०२२ पर्यंत १९ झाले आणि त्यातले ११ अमेरिकेने जिंकले. सोव्हिएत युनियनचे ६, ब्राझीलचा १ (१९९४), ऑस्ट्रेलियाचा १ (२००६), संपलं. २०१०, २०१४, २०१८, २०२२ असे सलग चार अमेरिकेचेच. वर्ल्ड कपमध्ये त्या शेवटच्या हरल्या ते २००६ च्या सेमीफायनलला, रशियाकडून ७५-६८. ऑलिंपिकमध्ये तर १९९६ पासून २०२४ पर्यंत सलग आठ गोल्ड. हे सगळं तिला सांगा, काही लपवू नका, आणि मग पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलचे शेवटचे ४ सेकंद लावा.

अमेरिका ६७, फ्रान्स ६४. काहलिया कॉपरने नुकतेच दोन फ्री थ्रो टाकलेत, बॉल फ्रान्सकडे, हॉल फ्रान्सचा, आणि फ्रान्सला तीन पॉइंट हवेत. गॅबी विल्यम्स बॉल घेऊन धावत येते, बझर वाजता वाजता शॉट टाकते आणि तो जातो. एक क्षण सगळ्यांना वाटतं ओव्हरटाइम. पण रेफरीने दोनच पॉइंट दाखवलेत, कारण तिच्या बुटाचा पुढचा भाग लाइनवर होता. थ्री पॉइंटची लाइन ५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती लाइन थ्रीच्या भागात धरत नाहीत, पाय नुसता टेकला तरी शॉट दोनचा. ६७-६६, मॅच संपली. अमेरिकेच्या ऑलिंपिकमधल्या सलग ६१ व्या विजयात आणि ओव्हरटाइममध्ये अंतर होतं ते एवढंच, एका बुटाच्या टोकाचं.

माझ्या मुलींना मी हा व्हिडिओ तीन वेळा दाखवते. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा विल्यम्सचे पाय बघायला सांगते, तिसऱ्यांदा तिच्यासमोरची अमेरिकन डिफेंडर बघायला सांगते. तिसऱ्या वेळी मुलींना कळतं की डिफेंडरने फाऊल न करता तिला आरामात उभं राहून शॉट घेऊ दिला नाही, पाय लावून, लाइन बघून, तोलात शॉट घ्यायला वेळ मिळाला असता तर कदाचित तेच पाऊल चार बोटं मागे पडलं असतं. हे माझं मत आहे, पण मला ते पटलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा सांगते. अशा स्पर्धेत सगळे फायनल आणि मेडल बघतात, पण स्पर्धा खरी ठरते ती ग्रुपच्या मॅचमध्ये, आणि तिथे किती पॉइंटने जिंकलात किंवा हरलात यावर. मुलींना हीच गोष्ट सगळ्यात आधी शिकवा कारण शाळेच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा पण ह्याच पद्धतीने खेळतात आणि तिथेही मुली रडत घरी जातात ते बऱ्याचदा ह्याच कारणाने.

पॅरिसचाच ग्रुप बी घ्या. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नायजेरिया, कॅनडा. कॅनडा तिन्ही मॅच हरली आणि बाकी तिघींनी प्रत्येकी दोन जिंकल्या, एक हरली. नायजेरियाने पहिल्याच मॅचला ऑस्ट्रेलियाला ७५-६२ हरवलं, ऑस्ट्रेलियाने फ्रान्सला ७९-७२ हरवलं, फ्रान्सने नायजेरियाला ७५-५४ हरवलं. म्हणजे गोल फिरून सगळ्या सारख्याच. अशा वेळी फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा) नियम असा की ज्यांची बरोबरी झालीय त्यांच्या आपापसातल्या मॅच तेवढ्या घ्यायच्या आणि त्यातला पॉइंटचा फरक मोजायचा, कॅनडाला कोणी कितीने धुतलं ते इथे धरत नाहीत. वहीवर मांडायला लावा मुलींना. फ्रान्स उणे ७ आणि अधिक २१ म्हणजे अधिक १४. ऑस्ट्रेलिया अधिक ७ उणे १३ म्हणजे उणे ६. नायजेरिया अधिक १३ उणे २१ म्हणजे उणे ८. फ्रान्स पहिली, ऑस्ट्रेलिया दुसरी, नायजेरिया तिसरी. आता नायजेरिया फ्रान्सकडून २१ ऐवजी १८ ने हरली असती तर? उणे ५ झाली असती आणि ऑस्ट्रेलियाच्या वर, दुसरी आली असती. ३ पॉइंट, म्हणजे हरलेल्या मॅचमधला एक शॉट. तिसरी आल्यामुळे क्वार्टर फायनलला समोर अमेरिका आली आणि ८८-७४ ने त्या बाहेर गेल्या. तरी ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये क्वार्टर फायनल गाठणारी पुरुष-महिला मिळून आफ्रिकेची ती पहिली टीम होती हे मुलींना जरूर सांगा, आणि कोच रेना वाकामा पण बाईच होती हेही सांगा, माझ्या मुलींना त्याचं फार अप्रूप वाटलं होतं.

दुसरं उदाहरण बेल्जियमचं, आणि हे मला इतकं आवडतं की मी कुठल्याही कॅम्पला पहिल्या दिवशी हेच सांगते. त्याच ऑलिंपिकमध्ये तीन ग्रुप होते, प्रत्येक ग्रुपच्या पहिल्या दोन टीम पुढे आणि तिन्ही ग्रुपमध्ये तिसऱ्या आलेल्यांपैकी दोनच पुढे. बेल्जियम जर्मनीकडून ८३-६९ हरली, अमेरिकेकडून ८७-७४ हरली, म्हणजे उणे २७ वर बसलेली. शेवटची मॅच जपानशी. तिकडे चीनने आपल्या तीन मॅच संपवल्या होत्या आणि चीनचा हिशोब उणे १ वर थांबला होता. म्हणजे बेल्जियमला जपानला नुसतं हरवून काही उपयोग नव्हता, २७ ने हरवायचं होतं. बेल्जियमने मॅच जिंकली ८५-५८. करा वजाबाकी. बरोब्बर २७. एक बास्केट कमी पडली असती तर घरी. तिथून त्या स्पेनला ७९-६६ हरवून सेमीफायनलला गेल्या, फ्रान्सशी ओव्हरटाइमपर्यंत लढल्या. आणि चीन? चीन बाहेर गेली त्याचं मूळ पहिल्याच मॅचमध्ये आहे, स्पेनकडून ओव्हरटाइममध्ये ९०-८९, एका पॉइंटने हरलेल्या.

हे मी का एवढं लांबवतेय, तर माझ्या स्वतःच्या बाबतीत झालेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी १६ वर्षांखालच्या मुलींची टीम घेऊन गेले होते, ग्रुपमध्ये एक मॅच १३ ने हरलो होतो आणि शेवटच्या मॅचला शेवटची दोन मिनिटं राहिली असताना आम्ही १८ ने पुढे. मी पाचही मुली बदलल्या, बेंचवरच्यांना खेळायला मिळावं म्हणून, आणि त्यांना सांगितलं की शॉट नका घेऊ, बॉल फिरवत राहा. त्या बिचाऱ्यांनी मी सांगितलं तेच केलं. समोरच्या टीमने तेवढ्यात सात पॉइंट मारले, आम्ही ११ ने जिंकलो, मुली नाचत बाहेर आल्या, आणि मग दुसऱ्या कोर्टवरचा निकाल लागला आणि तीन टीमची बरोबरी झाली. अधिक ५ चे आम्ही उणे २ झालो होतो. तिघींत तिसऱ्या. कॅप्टन मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिला समजत नव्हतं की जिंकल्यावर बाहेर कसं जातात. चूक पूर्ण माझी होती, बेंचवरच्या मुलींची अजिबात नाही, मी त्यांना आकडा सांगितलाच नव्हता. तेव्हापासून ग्रुप मॅचच्या आधी फळ्यावर आकडा लिहिते आणि बेंचवरच्या शेवटच्या मुलीलाही तो पाठ असतो.

आता अमेरिका का जिंकते त्याकडे येते. लोक म्हणतात उंची, ताकद, पैसा. असेल. पण मला विचाराल तर त्यांची दुसरी पाच, म्हणजे बेंचवरून बदली येणाऱ्या. २०२२ ला सिडनीत १२ टीम, दोन ग्रुप, म्हणजे फायनलपर्यंत जाणाऱ्या टीमला १० दिवसांत ८ मॅच. मॅच ४० मिनिटांची, १० मिनिटांचे चार क्वार्टर. ज्या टीमची सगळ्यात चांगली प्लेअर दर मॅचला ३५ मिनिटं खेळते तिचे पाय सातव्या दिवसापर्यंत संपलेले असतात. ते शॉटवरून लगेच कळतं, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागतो, शॉर्ट पडतो, कारण शॉट हाताने नाही, पायाने जातो. अमेरिकेकडे बदली म्हणून आत येणारी दुसऱ्या कुठल्याही देशाची स्टार असती, म्हणून त्यांच्या कोणालाच ३५ मिनिटं खेळावं लागत नाही. गंमत म्हणजे त्यांना एकत्र प्रॅक्टिसला वेळ फार कमी मिळतो. अमेरिकेच्या एजा विल्सनच्या क्लबने डब्ल्यूएनबीएची (अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगची) फायनल जिंकली १८ सप्टेंबरला आणि वर्ल्ड कप सुरू झाला २२ ला, त्याच वर्षी. तरी ती स्पर्धेची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेअर. फायनलला चीनला ८३-६१ हरवलं. चीनकडे त्या दिवशी ली मेंग आजारपणामुळे नव्हती, आणि बेंच पातळ असलेल्या टीमला एक गार्ड (बॉल हाताळून खेळ चालवणारी प्लेअर) नसणं म्हणजे काय ते त्या मॅचमध्ये दिसतं.

म्हणून एका मुलीला काम द्या: बॉल बघायचा नाही, फक्त कोण कधी आत आली, कधी बाहेर गेली ते वहीत लिहायचं. दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार-पाच मिनिटं विशेष, कारण तेव्हा बहुतेक टीमच्या मुख्य प्लेअर बसलेल्या असतात आणि लीड तिथे फुटते. नुसत्या स्कोअरबोर्डकडे बघणाऱ्याला वाटतं मॅच चौथ्या क्वार्टरला फिरली.

डब्ल्यूएनबीए बघून आलेल्या मुलींना एक फरक मात्र समजावून द्यावा लागतो. तिथे डिफेन्सच्या प्लेअरला कोणाला गार्ड न करता रिंगखालच्या पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबाच्या नियमात तसं बंधनच नाही, तीन सेकंदांचा नियम फक्त अटॅकवाल्यांना. त्यामुळे उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारी प्लेअर) पेंटमध्ये खांबासारखी उभी राहू शकते, झोन (एकेका प्लेअरऐवजी एकेक जागा राखायचा डिफेन्स) लावणं सोपं होतं, आणि ड्राइव्ह मारून आत घुसणाऱ्या गार्डसमोर एकदम भिंत येते. तिथे पंचवीस-तीस पॉइंट मारणारी प्लेअर इथे १० वर का अडकली असं मुली विचारतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. शिवाय इथे पाचव्या फाऊलला बाहेर, तिथे सहाव्या. दुसऱ्या क्वार्टरला तिसरा फाऊल पडला की कोच काय करतो ते बघायला सांगा, त्या एका निर्णयावर मॅच जाते.

भिंत असेल तर करायचं काय, ह्याचं उत्तर जपान. उंचीने सगळ्यात लहान टीममधली एक, आणि माझ्या मते शाळेच्या मुलींनी शिकावं ते सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच. टोकियो ऑलिंपिकच्या सेमीफायनलला त्यांनी फ्रान्सला ८७-७१ हरवलं, त्यात रुई माचिदा नावाच्या गार्डने १८ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते ते) दिले, ऑलिंपिक रेकॉर्ड. तिची उंची १६२ सेंटिमीटर. तुमच्या टीममध्ये तेवढ्या उंचीची मुलगी नक्की असेल. माचिदाचे हात बघायला सांगू नका, डोळे बघायला सांगा. स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत उभी राहिलेली आपलीच प्लेअर) घेऊन ती वळते, उंच डिफेंडर पुढे येते, आणि ती कोपऱ्यातल्या शूटरकडे बघत बघत रिंगकडे निघालेल्या प्लेअरला पास देते. पास डोक्यावरून नसतो, उंच मुलीच्या काखेजवळून, कमरेच्या उंचीवरून असतो, कारण लांब हाताला खाली यायला वेळ लागतो. एवढी एक गोष्ट आमच्या छोट्या गार्डने उचलली आणि तिचे पास कापले जाणं निम्म्यावर आलं.

२०२५ च्या एशिया कपला शेंझेनमध्ये हेच पुन्हा झालं. चीनकडे झांग झियू, १८ वर्षांची, २.२० मीटर उंच. तिच्या हातात बॉल वरून गेला की काही इलाजच नाही, ती उडी न मारता टाकते. पण सेमीफायनलला जपानने चीनला त्यांच्याच देशात ९०-८१ हरवलं. एवढ्या उंच प्लेअरसमोर करायचं असतं ते हेच की तिला कोर्टभर पळायला लावायचं आणि तिच्याकडे जाणारा पहिला पासच सुखाने जाऊ द्यायचा नाही. फायनलला मात्र ऑस्ट्रेलियाने जपानला ८८-७९ हरवलं, तर वेग असला की सगळं होतं असंही मुलींना सांगू नका, ते खोटं ठरेल.

समोरची टीम मोठ्या लीडने पुढे गेली तरी खेळ सोडायचा नाही हे तोंडाने सांगून मुलींना पटत नाही. त्यासाठी २०२५ च्या महिला युरोबास्केटची (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची) फायनल दाखवा, ग्रीसमध्ये पिरेअसला झालेली, स्पेन विरुद्ध बेल्जियम. शेवटच्या चार मिनिटांच्या आत स्पेन ६५-५३ पुढे. म्हणजे १२ ने. त्यानंतर स्पेनने एकही पॉइंट मारला नाही आणि बेल्जियमने १४ मारले. शेवटी अँटोनिया डेलेरने बॉल चोरला, लेअप (रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) टाकला, ६७-६५. ह्यात बेल्जियमचा पराक्रम तर आहेच, पण मी माझ्या मुलींना स्पेनकडे बघायला लावते. पुढे असलेली टीम घड्याळाकडे बघायला लागली की पास हळू होतात, शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या क्लॉकचे शेवटचे तीन-चार सेकंद राहिल्यावर शॉट शोधतात, आणि जी शॉट घेते तिला तो घ्यायचा नसतो. माझ्या त्या सात पॉइंटच्या दोन मिनिटांत हेच झालं होतं, म्हणून ते मला इतकं स्पष्ट दिसतं.

आणि एक ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन. गुडघ्यामुळे २०१६ ला निवृत्त झालेली, २०२२ ला ४१ व्या वर्षी परत आली आणि वर्ल्ड कपमध्ये ब्राँझच्या मॅचला कॅनडाविरुद्ध ३० पॉइंट मारले, ऑस्ट्रेलिया ९५-६५ जिंकली. ही मॅच मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही दाखवा, जमलं तर.

तुम्ही शेवटी विचारलंय की बर्लिनची कुठली मॅच दाखवू. ४ ते १३ सप्टेंबर, १६ टीम, चार ग्रुप. सगळ्या बघणं मुलींना जमणार नाही, शाळा आहे, अभ्यास आहे. माझं ऐकाल तर फायनलवर वेळ घालवण्याआधी एखाद्या ग्रुपची तिसरी मॅच निवडा, जिथे दोन टीमचं पुढे जाणं अजून ठरलेलं नाही. मॅचच्या आधी मुलींना त्या ग्रुपचं टेबल फळ्यावर मांडायला लावा आणि त्यांच्याकडूनच काढून घ्या की आज कोणाला कितीने जिंकायचंय आणि कोणाला कितीने हरलं तरी चालतंय. तो आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवा. मग पाच मुलींना एकेका प्लेअरवर नजर ठेवायला सांगा, बॉल कुठे का असेना, एकीला बेंचची वही द्या, एकीला टीम फाऊल (सगळ्या टीमचे मिळून) मोजायला द्या कारण क्वार्टरमधल्या पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. आवाज बंद ठेवा, कॉमेंट्री चालू असली की मुली बॉलच्याच मागे जातात. चौथ्या क्वार्टरला दोन मिनिटं राहिली की व्हिडिओ थांबवा आणि विचारा, तुम्ही कोच असाल तर आता कोणाला आत पाठवाल. आमच्याकडे ह्या प्रश्नावर अर्धा तास भांडण चालतं आणि मी मध्ये पडत नाही.